दोन परसांची पोपटी

परवाना आला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले, की आईच्या हातातलं सूप निसटलं आणि निवडलेले तांदूळ पडवीभर पांगले.

"मेले गो मी! कोन गेलं?" आईने छातीवर हात ठेवून विचारलं.

"कोनी नाय गेलं, आय! पोपटीची परवानगी आली. शनिवारी, आपल्या परसात!"

आईने तांदळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून ती चक्क रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "वालाच्या शेंगा आनाया कोन जाईल?" आमच्याकडे आनंद असा लगेच कामाला लागतो.

पोपटी म्हणजे पोपटाची बायको असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगते. अलिबागच्या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मातीचं मडकं घ्यायचं, आत भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाल्याने तोंड बंद करून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि त्याच्याभोवती पेंढा, झावळ्या रचून पेटवून द्यायच्या. आगीभोवती बायका फेर धरतात, पुरुष बढाया मारतात, आणि मडकं उघडलं की कुणी कुणाचं ऐकत नाही. हे सगळं पाच वर्षं बंद होतं. हिवाळे कोरडे झाले, वारे बेभरवशाचे झाले, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी आली. कागदावर बंदीची कारणं बरीच होती. आमच्या गावात, करंजखारात, मात्र तिचं कारण आमच्याच परसात होतं.

आमचं घर आणि हसुरामकाकांचं घर पाठीला पाठ लावून आहे. काका बाबांचे थोरले भाऊ. बंदी आली त्या वर्षी पोपटीच्या दिवशी काकांनी बोट ओलं करून हवेत धरलं होतं आणि म्हणाले होते, "बालाराम, वारा फिरतंय. आज नको." बाबा हसले. आग पेटली, रंगात आली, आणि बाबा मीठ आणायला घरात गेले. तेवढ्यात एक पेटती झावळी उडाली ती थेट काकांच्या पेंढ्याच्या उडवीवर. उडवीच्या आडोशाला त्यांची नवी होडी, आमच्या बोलीत होरी, उभी होती. पाण्यात उतरायची होती दोन दिवसांनी. काकांनी ती स्वतः रंगवली होती. माणसं वाचली, गुरं वाचली, होडीची मात्र राख झाली.

बाबांनी "चुकलो" म्हटलं नाही. काकांनी ते मागितलंही नाही. त्यांनी फक्त दोन परसांच्या मध्ये झावळ्यांचं उंच कुंपण घातलं. त्या दिवसापासून बाबा त्यांना दादूस म्हणायचे बंद झाले. "शेजारी" म्हणायला लागले. "शेजाऱ्याची कोंबडी आली बग." "शेजाऱ्याकडं लाईट नाय वाटतं." सख्ख्या भावाला!

मी तेव्हा शिकत होते. नोकरीला लागले तेव्हा एकच गोष्ट डोक्यात घेऊन लागले, की आगीला शहाणं करता येईल का? आग वाईट नसते हो. तिच्याकडे पाठ फिरवणारा माणूस वाईट. मग पाठ न फिरवणारा कुणीतरी आगीशेजारी उभा केला तर?

त्या खटपटीतून आमच्या कंपनीचा खांब तयार झाला. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. आमच्या गावाने पहिल्याच दिवशी त्याला राखणदार म्हणून टाकलं आणि विषय संपवला.

राखणदाराला एक डोळा आहे आणि चार ढोल. डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. परसात बायका भांडी घासतात, नहाणीघर तिथेच असतं; तिथे कॅमेरा लावू का विचारलं असतं तर गावाने खांबासकट मला खाडीत टाकलं असतं. म्हणून या डोळ्याला चित्र दिसतच नाही. समोरून येणारी आगीची धग किती, एवढा एकच आकडा त्याला कळतो. तो आकडा सतत खालीवर होतो, कारण ज्योत सतत हलते. गंमत इथे आहे. तापलेली हवा वर चढते, कडेची गार हवा आत घुसते, आणि त्या ओढाताणीत ज्योतीच्या अंगावर भोवरे तयार होऊन वर सरकतात. लहान आगीत हे भराभर होतं, मोठ्या आगीत सावकाश. समई लवलवते आणि होळी डुलते, ते याचमुळे. म्हणजे ज्योत सेकंदाला किती वेळा डुलते ते मोजलं, की आग किती रुंद आहे ते न बघता सांगता येतं.

आग मर्यादेबाहेर गेली की ढोल, म्हणजे खांबावरचे चार स्पीकर, वाजतात. ज्योत म्हणजे जळाऊ वाफ आणि हवा यांच्यामधला एक पातळ पडदा. खर्जातला आवाज सोडला की हवा मागेपुढे हिंदकळते, तो पडदा फाटतो आणि ज्योत आपल्या जळणापासून सुटून विझते. हा आवाज कानाआधी छातीला कळतो. निखारे मात्र आवाजाने विझत नाहीत, म्हणून पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं जवळ हवंच, असा नियम.

नियम आणखीही होते. आग एक मीटरपेक्षा रुंद नको. घरापासून लांब. ओला पाला नको, प्लास्टिक तर नकोच. पेटवणाऱ्याने उठून जायचं नाही, मिठासाठीसुद्धा नाही (हे मिठाचं वाक्य मी मसुद्यात लिहिलं होतं, वरच्यांनी काढलं). आणि शेवटचा नियम: शेजाऱ्याची संमती. नुसती संमती नाही, आग चालू असेपर्यंत शेजाऱ्याच्या मोबाईलवर एक लाल बटण. त्याला भीती वाटली, त्याने अंगठा ठेवला, की ढोल वाजणार. कारण विचारायचं नाही.

शनिवारची पोपटी ही राखणदाराची अखेरची चाचणी होती. जिल्ह्याच्या अग्निपरवाना अधिकारी दाभाडे मॅडम जातीने येणार होत्या. यंत्र बरोबर चाललं तर सगळ्या तालुक्याच्या पोपट्या, शेकोट्या, हुरडे मोकळे होणार. चुकलं तर खांब गोदामात आणि बंदी कायम. आणि या सगळ्याची किल्ली होती कुंपणापलीकडे.

काका पडवीत जाळं विणत बसले होते. नाव हसुराम, पण पाच वर्षांत कुणी त्यांचे दात पाहिले नव्हते. मी खांबाचं सगळं पुराण सांगितलं. ते खाली बघून गाठी मारत राहिले.

"वारा कोन बगल?" शेवटी त्यांनी विचारलं.

"यंत्रच बगतंय काका. वाऱ्याचा जोर, दिशा, समदं."

"हं. बोट नाय ना त्याला."

"बोट तुमचं हाय की. आग पेटवायच्या आदी तुमी बगा. तुमी नाय म्हटलं तर नाय."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता उठून आत जातील. पण त्यांनी मोबाईल काढला, संमतीच्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "तुज्यासाठी, बाय. त्याच्यासाठी नाय."

मी घरी उड्या मारत गेले. अक्षरशः उड्या, या वयात.

शनिवारी दुपारपासूनच परस फुललं. आईने भांबुर्डा आणला, त्याचा तो उग्र गोड वास हाताला, केसांना, सगळ्या घराला लागला. शेंगा धुऊन पसरल्या. बाबा मडक्याला बाहेरून असं गोंजारत होते की मला हसू आवरेना. दाभाडे मॅडम आल्या, त्यांनी टेपने जागा मोजली, बादली पाहिली, रेतीत हात घालून पाहिला. बाई कडक, पण नजर चांगली. म्हणाल्या, "डोळा एवढा खाली का? छातीच्या उंचीवर?"

"वर लावला तर नारळाच्या झावळ्या मध्ये येतात, मॅडम. झावळी हलली की धग तुटक दिसते आणि हिशेब चुकतो."

"विचार केलेला दिसतो," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिथेच थांबायला हवं होतं मी, पण कौतुकाने माणूस आंधळा होतो.

सूर्य खाडीकडे झुकला तेव्हा काका आले. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, कुंपणाच्या टोकाशी उभे राहिले. मी धावत गेले. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं, बराच वेळ धरलं, आणि मान हलवली. वारा ठीक. मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला.

"यो ठेव तुज्याकडं."

"काका, बटन तुमच्याकडं पायजे. नियम हाय."

"नियम गेला चुलीत. आग बगून माजा अंगठा माजं ऐकल का, मना भरोसा नाय. दाबला जायचा उगाच. ठेव."

मी मोबाईल कुर्त्याच्या खिशात टाकला आणि कुणाला काही बोलले नाही.

बाबांनी काडी लावली. पेंढ्याने पेट घेतला, झावळ्या तडतडल्या, आणि पाच वर्षांनी आमच्या परसात नारिंगी उजेड उभा राहिला. सगळ्यांच्या तोंडून एकदम "हो!" निघालं. खांबावर हिरवा दिवा. माझ्या हातातल्या टॅबलेटच्या पाटीवर आगीची रुंदी: एक मीटरच्या आत. आग थोडी चढली, आकडा थोडा चढला. आग बसली, आकडा बसला. अहाहा! आपण केलेलं यंत्र आपल्या गावच्या आगीची नाडी बघतंय, यापरतं सुख काय असतं? मला नाचावंसं वाटत होतं.

नाचल्या मात्र बायका. आईनेच सुरुवात केली. कमरेला पदर खोचला, दोन शेजारणींचे हात धरले, बघता बघता फेर झाला. टाळ्यांवर पाय पडायला लागले, गाणं चढलं, फेर फिरायला लागला.

आणि ढोल वाजले.

छातीत घुं झालं, आणि आग होती तशी एका फटक्यात नाहीशी झाली. मडक्याभोवती नुसता धूर आणि लाल निखारे. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं.

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या.

"दाबलंस!" बाबा ओरडले. पाच वर्षांत काकांशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. "दाबलंस ना शेवटी? पोरीनं एवडी मरमर केली, तिच्या कामावर पानी टाकलंस! एक होरी जळली म्हनून जलमभर जाळनार हायस आमाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हिरव्याचा लाल झालेल्या दिव्याकडे पाहिलं, दाभाडे मॅडमकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "हो. मीच दाबलं. भ्या वाटलं मना."

मॅडमनी लगेच मान डोलावली. "त्यांचा हक्क आहे तो. आग एका सेकंदात विझली, म्हणजे यंत्र चोख आहे. चाचणी यशस्वी धरायला माझी हरकत नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "थळे, तुमचं म्हणणं?"

माझ्या खिशात काकांचा मोबाईल होता. मांडीला लागत होता.

मला सगळं एका क्षणात कळलं. काकांना ठाऊक होतं की बटण कुणी दाबलेलं नाही. म्हणजे यंत्र चुकलंय, म्हणजे पोरगी बुडाली. म्हणून त्यांनी उभ्या गावासमोर दोष आपल्या अंगावर ओढून घेतला होता. ज्या माणसाची होडी आम्ही जाळली, त्याने. मी फक्त "हो मॅडम" म्हणायचं होतं. तालुक्याला पोपटी मिळाली असती, मला बढती, आणि बाबांना काकांवर जन्मभर रागवायला एक पक्कं कारण. कुणालाच कळलं नसतं. इतका मोह मला आयुष्यात कधी झाला नाही, खरंच सांगते.

मी मोबाईल बाहेर काढला आणि वर धरला.

"काका खोटं बोलतायत. हा त्यांचा मोबाईल. आग पेटायच्या आधीपासून माझ्याकडे आहे. त्यांना स्वतःच्या भीतीचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी तो मला देऊन टाकला. मॅडम, यंत्र चुकलंय. माझं यंत्र."

"बाय, गप," काका पुटपुटले.

"नाय गप बसनार."

बाबा मोबाईलकडे बघत राहिले. मग काकांकडे. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

दाभाडे मॅडमनी चष्मा काढून पुसला. "चूक कबूल केलीत. बरं झालं. पण मग चाचणी नापास, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. पण परवाना अंधार पडेपर्यंतचा आहे. तेवढा वेळ द्या. का चुकलं ते शोधते."

पाटीवर शेवटचा आकडा होता, दोन मीटरच्या वर. एवढी रुंद आग? डोळ्यांदेखत तर ती मडक्याला चिकटलेली होती. मी निखाऱ्यांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, मधे उभ्या बायकांकडे पाहिलं. आई डोळ्याच्या बरोबर समोर उभी होती. तिच्यामुळे धगीचा आकडा शून्यावर आला होता. ती बाजूला सरकली, आकडा चढला.

"आय! पुना फिरा! तसंच, फेर धरा!"

"आगीबिगर?"

"निखाऱ्याभवती फिरा, फिरा गो!"

त्या बिचाऱ्या गोंधळून फिरू लागल्या. एक बाई डोळ्यासमोरून गेली, आकडा पडला. दुसरी गेली, पुन्हा पडला. तालावर, टाळीबरोबर, सेकंदाला एक. पडतोय, चढतोय, पडतोय, चढतोय. अगदी मोठी आग डुलते तसा, सावकाश. राखणदाराला बायका दिसल्याच नव्हत्या. त्याला दिसली होती दोन मीटर रुंद, संथ डुलणारी आग!

मी कपाळावर हात मारला आणि खदाखदा हसायला लागले. झावळ्या मधे येऊ नयेत म्हणून डोळा खाली आणला, आणि माणसं मधे येतील हे डोक्यात आलं नाही! कंपनीच्या मैदानावर शेकडो आगी पेटवल्या आम्ही, पण सगळे साहेब हाताची घडी घालून लांब उभे. आगीभोवती कुणी नाचलंच नव्हतं. मी करंजखारची पोरगी, आणि मीच फेर विसरले होते.

"उपाय?" मॅडमनी विचारलं. त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला होता.

"दुसरा डोळा," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला तो दिसला. "समोरच्या बाजूने. माणूस एका डोळ्याच्या आड आला तर दुसऱ्याला आग उघडी दिसते. फेर दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या वेळी तोडतो, पण ज्योत डुलते ती दोघांना एकाच वेळी. दोघांना मिळून जे दिसेल तेवढंच खरं. डोळा माझ्या पेटीत आहे, जोडायला वेळ लागत नाही."

"मग लावा की."

मी वळून पाहिलं. समोरची बाजू म्हणजे कुंपण. माणसाहून उंच, झावळ्यांनी गच्च विणलेलं. डोळा लावायचा तर त्याच्यापलीकडे, काकांच्या परसात. आणि कुंपण मधे असेल तर त्याला काही दिसणार नाही.

सगळ्यांना कळलं होतं. मी काकांना विचारायला तोंड उघडलं, तर बाबांनी मला हाताने मागे सारलं. ते चालत कुंपणाच्या टोकापाशी गेले आणि काकांसमोर उभे राहिले.

"दादूस," ते म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी कुंपणावर हात ठेवला. मग म्हणाले, "तू बोललास वारा फिरतंय, मी ऐकलं नाय. चुकलो. होरीचं पन चुकलो, आताचं पन चुकलो. हे कुपान कारू का?"

काका वळले, कुंपणाची पहिली झावळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढून काढली.

मग काय विचारता! अख्खं गाव तुटून पडलं. पाच वर्षांचं कुंपण चहा उकळायच्या आत आडवं झालं. मी काकांच्या परसात, जिथे त्यांची उडवी असायची तिथेच खुंटी ठोकून दुसरा डोळा बसवला. दोन्ही डोळ्यांचे आकडे पाटीवर शेजारी शेजारी आले, एकमेकांशी ताडले गेले, आणि हिरवा दिवा लागला.

"जळण?" मॅडम म्हणाल्या. "पेंढा तर संपला."

काकांनी पायाखालच्या ढिगाकडे पाहिलं. "सुक्या झावल्या हायत की. चालतील ना नियमात?"

मॅडमनी एक झावळी मोडून पाहिली. कडकडीत वाळलेली. "चालतील," त्या म्हणाल्या.

काकांनी पुन्हा बोट ओलं करून हवेत धरलं. बाबांनीही धरलं, शेजारी उभं राहून, शाळेतल्या पोरासारखं. दोघांनी माना हलवल्या. मी मोबाईल काकांच्या खिशात ठेवला, या वेळी त्यांनी तो परत दिला नाही. बाबांनी काडेपेटी पुढे केली आणि काकांनी, ज्यांनी त्या दिवसानंतर देवापुढची वातसुद्धा काकींकडून लावून घेतली होती, त्यांनी काडी ओढली.

कुंपण असं पेटलं म्हणून सांगू! बायकांनी फेर धरला, या वेळी काकी हक्काने मधे घुसली, टाळ्या वाजल्या, पाय आपटले. माझा जीव पाटीवर टांगलेला. पहिला डोळा तुटतोय, दुसरा तुटतोय, आणि दोघांना मिळून दिसणारा आकडा ठाम. एक मीटरच्या आत. हिरवा, हिरवा, हिरवा. शेवटी मी पाटी मॅडमच्या हातात दिली आणि फेरात उडी मारली.

आग बसल्यावर आईने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडून गेलं. पोपटी झाली! मडकं पानावर रिकामं केलं, वाफेबरोबर तो भांबुर्ड्याचा, ओव्याचा वास उठला, आणि पुढचा काही वेळ कुणी कुणाचं ऐकलं नाही. मॅडम चटका बसत असतानाही शेंगा सोलत होत्या.

तेवढ्यात काकांच्या खिशात मोबाईल वाजला. आग संपली की शेजाऱ्याने शेवटचं उत्तर द्यायचं असतं, त्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. मी तो काढून त्यांच्यापुढे धरला. ते बाबांच्या पानातलं अंडं उचलत होते, दोन्ही हात मिठाने आणि राखेने भरलेले.

"काका, विचारतायत. शेजाऱ्याची काय तक्रार हाय का?"

त्यांनी अंडं तोंडात टाकलं, मान वर केली आणि आमच्या परसापासून आपल्या परसापर्यंत सगळीकडे नजर फिरवली. मग बाबांकडे बघून हसले. दात दिसले.

"कोन शेजारी?" ते म्हणाले. "इथं कोनी शेजारी नाय."

त्यांचं बोट पुसून मीच ते 'तक्रार नाही'च्या बटणावर टेकवलं.